भिंतीवरचा कागद आणि हाताची किंमत

१

नगरच्या सावेडी भागातल्या एका नव्या बंगल्यात आमच्या वस्तीतला एक तरुण भिंतीला कागद चिकटवण्याच्या कामावर होता. काम संपल्यावर तो सहज भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, "सर, त्या कागदाची एक गुंडाळी माझ्या महिन्याच्या मजुरीपेक्षा म्हाग हाय. मालक पाहुण्यांना सांगत होता, जुन्या काळच्या ठशांवरनं हातानी छापलाय म्हणून म्हाग. मग मी काय पायानी चिकटवतो का?"

प्रश्न विनोदाने विचारला होता. परंतु तो हसून सोडून देण्यासारखा नाही. एकाच भिंतीवर दोन माणसांचे हात लागले आहेत. एकाचा हात हजार कोसांवर आहे, त्याने ठसा मारला आहे आणि त्या हाताची किंमत वाढली आहे. दुसऱ्याचा हात प्रत्यक्ष भिंतीवर आहे. त्याने जुना रंग खरवडला, पुट्टी भरली, ओळंबा सोडून पहिली पट्टी सरळ लावली आणि नक्षीच्या जोडाला जोड अशी जुळवली की सांधा दिसू नये. त्याच्या कौशल्याची कसोटी हीच की त्याचे काम दिसता कामा नये. या हाताला किंमत नाही. असे का व्हावे? "पारंपरिक हस्तकला" हा शब्द आज प्रतिष्ठित वर्गाच्या तोंडी वारंवार येतो. म्हणून हा कागद येतो कोठून, तो कसा तयार होतो आणि त्यावरची नक्षी कोणाची, हे कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

२

भिंतीच्या कागदाचा जन्मच मुळी नक्कल करण्यासाठी झाला. युरोपातील राजेरजवाडे आपल्या दालनांच्या भिंती विणलेल्या पडद्यांनी, मखमलीने आणि कातड्याने मढवीत. ज्याला ते परवडत नसे त्याने कागदावर तशी नक्षी छापून घेतली. पुढे हा नकली मालच इतका कुशलतेने होऊ लागला की तोच चैनीची वस्तू ठरला.

यातील कातड्याची हकिगत आपण विशेष लक्षात ठेवावी. वासराचे किंवा मेंढीचे कमावलेले कातडे घेऊन त्यावर चांदीचा वर्ख चिकटवीत. वर्खावर पिवळे रोगण दिले की चांदी सोन्यासारखी दिसे. मग लाकडी साच्यात दाबून त्यावर वेलबुट्टी उठवीत. स्पेनमधले कोर्दोबा शहर या कामासाठी प्रसिद्ध होते. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये त्याला बहर आला. कातड्याच्या या भिंतींमध्ये सरदार जेवत आणि पाहुण्यांचे स्वागत करीत. त्याच शतकांत आपल्याकडे मेलेले ढोर ओढून नेणे महाराच्या माथी होते आणि कातडे कमावणे ढोर-चांभारांच्या माथी होते. ते काम केले म्हणून त्यांना दुसऱ्याच्या ओसरीलाही शिवता येत नव्हते. कातडे तेच आणि ते कमावण्याची विद्याही जवळजवळ तीच. तेथे कातड्याला दिवाणखान्यात मानाची जागा होती. येथे मात्र त्याला हात लावणारा माणूसच गावकुसाबाहेर होता. अपवित्रता कातड्यात नव्हती, ती समाजव्यवस्थेने माणसावर लादली होती, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता?

मखमलीच्या नकलेची गोष्टही अशीच बोलकी आहे. कागदावर नक्षीच्या आकारात डिंकासारखा चिकट थर देत आणि त्यावर लोकर कातरताना पडलेला बारीक भुसा रंगवून पसरीत. चिकटलेला भुसा तेवढा राही, बाकीचा झटकून टाकीत. लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या प्रिव्ही कौन्सिलच्या कचेरीत १७३५ च्या सुमारास असा कागद लावला होता. ज्या दालनांतून साम्राज्याचा कारभार चाले, तेथील भिंतीवरची शोभा ही लोकर कातरणाऱ्यांच्या पायाशी पडलेल्या कचऱ्याची होती.

आता ठशांच्या छपाईकडे वळू. नासपतीसारख्या कठीण लाकडाच्या जाड फळीवर नक्षी कोरतात. एका रंगासाठी एक ठसा. नक्षीत बारा रंग असतील तर निदान बारा ठसे लागतात आणि प्रत्येक रंग वाळल्याशिवाय पुढचा ठसा मारता येत नाही. रंग म्हणजे खडूची पूड, सरस आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण. आपण घराला देतो त्या डिस्टेंपरचाच हा प्रकार. ठशाच्या कोपऱ्यावर बारीक खिळे असतात. त्यांच्या खुणा जुळवून पुढचा ठसा बरोबर जागी बसवावा लागतो. केसभर चूक झाली तर पानाची कड फुलावर चढते. विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंताने १८८१ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यासाठी जी नक्षी केली तिला ६८ ठसे लागले. एवढे कष्ट एका भिंतीसाठी! "हाताने छापलेले" या शब्दाला जी किंमत येते ती येथून येते. ती खोटी नाही. परंतु ती कोणाच्या पदरात पडली, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

३

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दोनदा दिले आहे.

पहिले पॅरिसमध्ये. रेव्हेयाँ नावाचा एक कारखानदार फ्रान्समधला सर्वांत नामांकित भिंतीकागद करीत असे. त्याला राजाची मान्यता होती. एप्रिल १७८९ मध्ये, धान्य महाग असताना, मजुरीविषयी त्याने काढलेल्या उद्गारांची बातमी पसरली. तो मजुरी उतरवणार, असा अर्थ कामकरी वस्तीने घेतला. २८ एप्रिलला जमावाने त्याचे घर आणि कारखाना फोडला. सैन्याने गोळीबार केला आणि त्यात अनेक माणसे मेली. बास्तीयचा तुरुंग पडण्यास अजून अडीच महिने होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आरंभीचे रक्त भिंतीकागदाच्या कारखान्यासमोर सांडले, ही गोष्ट शोभेच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही.

दुसरे उत्तर इंग्लंडमधले आहे आणि ते कार्ल मार्क्सच्या "भांडवल" या ग्रंथाच्या १८६७ मधील पहिल्या खंडात नोंदलेले आहे. कामाच्या दिवसाविषयीच्या प्रकरणात मार्क्सने सरकारी चौकशीचे अहवाल वापरले. त्यांत भिंतीकागदाच्या कारखान्यांतील मुलांच्या साक्षी आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल हा तेजीचा हंगाम. त्या काळात सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत आणि त्यानंतरही काम चाले. एका बापाने सांगितले की आपल्या सात वर्षांच्या मुलाला तो बर्फातून पाठीवर बसवून कारखान्यात नेई आणि परत आणी; मुलगा सोळा तास काम करी, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या पोराला बाप गुडघे टेकून घास भरवी. यंत्राने छापलेला स्वस्त माल असो की ठशांनी छापलेला उंची माल असो, रंग पसरून देणारी पोरे दोन्हीकडे होती.

रंग तरी निर्धोक होता काय? शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तांबे आणि सोमल यांपासून एक तेजस्वी हिरवा रंग शोधून काढला. पुढे त्याहून झळझळीत दुसरा हिरवा आला. त्यातही सोमलच होता. एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणखान्यांच्या भिंतींवरची पाने या विषाने हिरवी झाली होती. घरात राहणाऱ्यांना त्याचा त्रास होतो की नाही यावर बराच वाद झाला. रंग दळणाऱ्या आणि पसरणाऱ्या हातांविषयी मात्र वादाला जागा नव्हती. त्यांच्या कातडीवर फोड उठत होते.

४

या संदर्भात मॉरिसचे उदाहरण मार्मिक आहे. १८३४ ते १८९६ हा त्याचा काळ. यंत्रयुगातील बेढब मालाला विटून त्याने जुन्या हस्तकलेचा ध्वज उभारला. फुले, पाने, वेली, पक्षी यांची त्याने केलेली नक्षी आजही उंची भिंतीकागदांवर छापली जाते आणि "ऐतिहासिक नक्षी" म्हणून विकली जाते. मॉरिस ढोंगी नव्हता. नीळ आणि मंजिष्ठ यांच्या वनस्पतिज रंगांची जुनी विद्या तो स्वतः रंगाच्या पिंपात हात घालून शिकला. १८८३ मध्ये तो समाजवादी चळवळीत शिरला आणि शेवटपर्यंत तेथेच राहिला. कामात आनंद असला पाहिजे, आनंदाने केलेले काम म्हणजेच कला, हे त्याचे सूत्र होते.

परंतु मॉरिसच्या उमेदीच्या काळातले उत्पन्न ज्या खाणीच्या भागांतून येत होते, ती डेव्हन परगण्यातली खाण तांब्याबरोबर सोमल काढीत होती आणि काही वर्षे तो तिचा संचालकही होता. त्याच्या आरंभीच्या कागदाच्या एका नमुन्यात सोमलाचा अंश शास्त्रज्ञांनी दाखवून दिला आहे. शिवाय, हाताने केलेले काम महाग पडणार आणि ते श्रीमंतच घेणार, हे त्याला टळले नाही. श्रीमंतांच्या चैनीची चाकरी आपण करीत आहोत, याची खंत त्याला आयुष्यभर होती. व्यक्तीची सद्भावना कितीही खरी असली तरी व्यवस्था न बदलता केलेले सौंदर्य शेवटी मालकाच्याच भिंतीवर जाते, हा त्याचा धडा आहे.

आपल्याला मात्र मॉरिसच्याही पुढे जावे लागते. कामात आनंद असावा हे खरे. पण जे काम निवडण्याचा अधिकारच माणसाला नाही त्यात आनंद कोठून येणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये "जातिनिर्मूलन" या आपल्या न झालेल्या भाषणात नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि जन्मावरून करते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या धंद्याकडे मनाचा ओढा नाही आणि ज्याला समाज हलके मानतो, त्यात माणसाचे मन रमत नाही, हेही त्यांनी सांगितले. मॉरिसने ज्या मध्ययुगीन कारागिराचे गोडवे गायिले तो कारागीर आपल्याकडे बलुतेदार होता. बलुत्याला करार नव्हता, दर नव्हता आणि काम सोडण्याची सोय नव्हती.

५

ठशांची छपाई युरोपला शिकवणाऱ्यांत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. मच्छलीपट्टणच्या बाजूचे छीट सतराव्या शतकात युरोपात गेले आणि त्याने तेथील कापडवाल्यांची झोप उडवली. फ्रान्सने १६८६ मध्ये छिटावर बंदी घातली. इंग्लंडनेही १७०० च्या कायद्याने आयात रोखली आणि १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच बंधने आणली. कापड बंद झाले, पण नक्षी बंद झाली नाही. छिटाच्या वेली भिंतीकागदावर चढल्या. आज ज्या नक्षीला विलायती ऐतिहासिक नक्षी म्हणतात, तिच्यातल्या किती वेलींचे मूळ आपल्या रंगाऱ्यांच्या अंगणात आहे!

पण "आपले" म्हणजे कोणाचे? नगर, पुणे, सोलापूर या भागांत निळीचे रंगकाम करणारी निराळी नावाची जातच होती. नगर, भिंगार, संगमनेर येथे साळी, कोष्टी, पद्मसाळी विणत आणि रंगारी रंगवीत. तुरटीच्या पाण्याने कापड आधी बांधून घेतल्याशिवाय तांबडा रंग धरत नाही. निळीच्या पिंपातून कापड हिरवट निघते आणि वाऱ्यावर डोळ्यांदेखत निळे होते. हे रसायनशास्त्र या माणसांना पाठ होते. परंतु ते ग्रंथात आले नाही, कारण ग्रंथ लिहिणाराचा हात रंगात नव्हता आणि रंगात हात असणाराला ग्रंथ नव्हता. जर्मनीत १८६९ मध्ये तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. पिढ्यान् पिढ्यांची ही विद्या थोड्याच वर्षांत बुडाली. जातीने विद्येला एका घरात कोंडले होते. त्या घराचे दार बाजाराने बंद केले तेव्हा विद्या आतच मेली. परंपरा नष्ट झाल्याबद्दल आज जे हळहळतात त्यांनी ही कोंडी कोणी केली होती, हेही सांगावे.

६

आता आपल्या काळातले उदाहरण घेऊ. सावेडीच्या बंगल्यात हातछपाईचा तो कागद एका भिंतीला होता, तर समोरच्या भिंतीवर यंत्राने छापलेला वारली चित्रांचा कागद होता. त्रिकोणी अंगांची माणसे तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचत होती. असा कागद आज नगरच्या हॉटेलांत आणि मंगल कार्यालयांतही दिसतो.

मुळात हे चित्र कोठे असते? डहाणू-तलासरीकडे कारवीच्या कुडाला माती आणि शेण लिंपतात, त्यावर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून चित्र काढतात. लग्नात सवाशिणी देवचौक लिहितात. चौकात पालघट ही देवी असते, आणि धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावते. म्हणजे ही कला मूळची बायकांची आणि प्रसंगाची. लग्न झाले की तिचे काम संपे. भिंत पुन्हा सारवली जाई. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या पाड्यांवर कागद आणि रंग नेले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर झाले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. एका आदिवासी चित्रकाराला नाव मिळाले, ही गोष्ट लहान नाही. त्याआधी या भिंतींना नावच नव्हते.

परंतु बंगल्यातल्या कागदावर कोणाचे नाव आहे? तेथे चौक नाही, पालघट नाही, धवलेरी नाही. नाच तेवढा उचलला, कारण तो पाहुण्यांना आवडतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. आदिवासी युवा सेवा संघाने ती मिळवण्यासाठी पुढाकार घेतला. १९९९ च्या कायद्याखालची ही नोंदणी "वारली" या नावाचे संरक्षण करते. नोंदणी नसलेल्याने ते नाव लावून माल विकला तर त्याला जाब विचारता येतो. पण नाव न लावता त्रिकोणी माणसे छापली तर काय? मग त्याला "आदिवासी नक्षी" म्हणतात आणि हात झटकतात. कायद्याची ही मर्यादा कार्यकर्त्यांनी ओळखली पाहिजे. आपल्या अकोले तालुक्यातही महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वस्त्यांत कुडाच्या भिंती आहेत. उद्या तेथील एखादी खूण बाजाराच्या नजरेत भरेल. तेव्हा ती कोणाची, याची नोंद आपल्यापाशी आधीपासून असली पाहिजे.

७

शेवटी आपल्या स्वतःच्या भिंतींविषयी थोडे. गावगाड्यात महाराच्या कामांमध्ये गावकुसाची डागडुजी आणि चावडीची झाडलोट होती. ज्या भिंतीच्या आत राहायला त्याला बंदी, ती भिंत त्यानेच सांभाळायची. याच वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी डिसेंबर १९३९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या हरेगावला परिषद घेतली. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. जिल्ह्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला "बलुतं" हेच नाव दिले, त्यामागे हा सारा इतिहास आहे.

आणि आमच्या घरांच्या भिंतींना कागद नव्हता असे नाही. माझ्या लहानपणी मातीचे पोपडे गळू नयेत म्हणून आई भिंतीला वर्तमानपत्रे चिकटवी. शहरात कामाला असलेला मामा रद्दी आणी. आई पिठाची खळ शिजवी. सावेडीतल्या तरुणाच्या बादलीतली खळ कारखान्यातून आली असेल, काम तेच. आईला वाचता येत नव्हते, म्हणून काही पाने उलटी लागत. मी आणि माझी बहीण मान वाकडी करून ती वाचीत असू. जोडाक्षरे मी शाळेत शिकलो त्याहून अधिक त्या भिंतीवर शिकलो. पावसाळ्यात पाने ओली होऊन सुटली की आई नवी लावी, आणि आम्हाला नवा धडा मिळे. मधोमध बाबासाहेबांची तसबीर असे. तिच्या मागची भिंत तेवढी कोरी ठेवलेली असे. तिथे कोणाची जाहिरात नको, असे आई म्हणे.

त्या तरुणाला मी जे उत्तर दिले ते येथे नोंदवतो. हाताने केले म्हणून वस्तू महाग होत नाही. तसे असते तर या देशात सर्वांत श्रीमंत आपणच असतो. वस्तू महाग होते ती त्या हाताची हकिगत सांगणारा कोणी असतो म्हणून, आणि पैसा त्या हकिगतीच्या मालकाकडे जातो. म्हणून आपली हकिगत आपण लिहिली पाहिजे आणि आपला दर आपण ठरवला पाहिजे. कागद लावणारे, पुट्टी भरणारे, रंग देणारे नगर शहरात पुष्कळ आहेत. त्यांनी एकत्र बसून गुंडाळीमागे दर ठरवावा आणि तो लेखी घ्यावा. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातल्या वृद्धांकडे जावे. चुन्याची घाणी कोणी चालवली, निळीचे पिंप कोणाच्या अंगणात होते, कातडे कमावण्याला कोणती साल वापरीत, कोणाच्या वाड्याच्या भिंती कोणी उभारल्या आणि त्याचे काय मिळाले, हे नावानिशी लिहून घ्यावे. अशी माणसे आता थोडी उरली आहेत. हे काम याच वर्षी सुरू झाले पाहिजे.

तो तरुण म्हणाला, "सर, पुढच्या कामाला चौरस फुटावर नाय, गुंडाळीवर सांगतो." त्याने सांगितले, आणि मालकाने थोडी घासाघीस करून ते मान्यही केले.